खण की चॅनेल? चिपळूणच्या घरातल्या बारा ड्रॉवरची गोष्ट

आमच्या घरात जुन्याला खण म्हणतात आणि नव्याला ड्रॉवर. गेल्या आठ महिन्यांत दोन्ही करून घेतले. जानेवारीत सुरुवात केली तेव्हा मला वाटत होतं की दुकानात जाऊन एक चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती धातूची पट्टी, निवडायचं, सुताराच्या हातात द्यायचं आणि झालं. तसं झालं नाही. मधे वनखात्याचा परवाना आला, शिमगा आला, तीन ड्रॉवर कापून पुन्हा बनवावे लागले. सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय, म्हणजे कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी सुतारकाम काढणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

सुरुवात खरं तर २२ जुलै २०२१ ची. वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी आमच्या तळमजल्यात पाच फुटांपर्यंत चढलं होतं. पाणी उतरल्यावर स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या हातानं ओढल्या, तर पार्टिकल बोर्डाचा भुगा हातात आला. टेलिस्कोपिक, म्हणजे एकातून एक बाहेर सरकणाऱ्या, चॅनेलमधल्या गोळ्यांत गाळ जाऊन बसला होता. पाण्याच्या पाइपानं धुतलं, रॉकेल घातलं, पण पंधरा दिवसांत सगळ्याला गंज चढला. ते सगळं उचलून टाकलं.

मागच्या खोलीत आजोबांनी करून घेतलेलं सागवानी खणांचं कपाट होतं. तीन फूट रुंद, दीड फूट खोल, चार खण. ते पूर्ण पाण्याखाली गेलं होतं आणि चारही खण फुगून असे बसले होते की जणू एकाच लाकडातून कोरलेत. आतमध्ये सातबाऱ्याचे उतारे, आजोबांची पत्रं, आईच्या लग्नातला शालू. मी कडी धरून ओढायला गेले तर आमच्या सुतारकाकांनी हात धरला. म्हणाले, "ताई, आता ओढलंत तर कडी हातात येईल, खण नाही येणार. वाळूंदे."

कपाट भिंतीपासून दोन फूट पुढे काढलं, मागची फळी उघडली आणि सावलीत पंखा लावून ठेवलं. उन्हात ठेवू नका, असं काकांनी बजावलं होतं, कारण एका बाजूनं भराभर वाळलं की फळी पिळवटते. वरचा खण सप्टेंबरात हलला. सगळ्यात खालचा १७ ऑक्टोबरला, रविवारी, उघडला. कागद मागच्या उघड्या बाजूनं आधीच काढून वाळवले होते, त्यातले निम्मे वाचले. शालू नाही वाचला.

मग काकांनी खण उलटे करून दाखवले. सांधे सैल झाले होते, कारण जुन्या काळी सरस लावायचे आणि सरस पाण्यात विरघळतो. पण कोपऱ्यांना डव्हटेल होतं, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले. सरस गेला तरी दातांनी खण धरून ठेवला होता. पूर आणि नंतरची तीन महिने ओल सोसून एकही कोपरा सुटला नव्हता. फणसाच्या लाकडाचे तळ मात्र दोन ठिकाणी उकलले होते.

तेव्हा दुरुस्तीला पैसे नव्हते. कपाट तसंच उभं राहिलं, स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचे रॅक आले, आणि अडीच वर्षं गेली.

जानेवारी २०२४ मध्ये आईच्या उजव्या मनगटाचा त्रास वाढला. वाकून खालच्या रॅकमधून कुकर काढणं तिला जमेना. म्हणून ठरवलं की आता करायचंच. स्वयंपाकघरात आठ ड्रॉवर आणि आजोबांच्या कपाटाचे चार खण, असे बारा. टेबलाचे दोन खण पैसे उरले तर.

पहिले दोन आठवडे मी फक्त विचारत फिरले. मॉड्युलर किचनच्या एका शोरूममध्ये सगळंच सॉफ्ट क्लोज दाखवलं. बोटानं ढकललं की शेवटच्या दोन इंचांत ड्रॉवर स्वतःहून संथ होतो आणि आवाज न करता बसतो. आत एक लहानशी नळी असते, तिच्यात दाट तेल आणि दट्ट्या. ड्रॉवर शेवटाकडे आला की एक स्प्रिंग त्याला आत ओढते आणि दट्ट्या त्या ओढीला आवर घालतो. मला फार आवडलं. कपाटाचं काय, असं विचारल्यावर तिथले गृहस्थ म्हणाले, त्यालाही चॅनेल लावून देऊ, जुने खण फेकून द्या.

सुतारकाकांचं म्हणणं नेमकं उलटं. त्यांचे हात पंचेचाळीस वर्षं रंध्यावर आहेत. चॅनेल म्हणजे आज ना उद्या गंजणारी वस्तू, स्वयंपाकघरातसुद्धा लाकडी पट्टीवरच खण चालवू, असं ते म्हणत होते. त्यांचा पुतण्या मात्र खेर्डीत आणि शहरात नवीन फ्लॅटची कामं करतो, तो चॅनेलच्या बाजूचा. दोघं आमच्या ओटीवर बसून तासभर बोलत होते, मी चहा देत होते, आणि दोघांचंही मला पटत होतं.

शेवटी पुतण्यानं एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यात कामाची निघाली. म्हणाला, "ताई, काय ते आत्ता ठरवा. सांगाडा कापल्यावर नको." लाकडी खण त्याच्या चौकटीत जवळजवळ घट्ट बसतो, दोन्ही बाजूंना कागद जाईल इतकीच फट. बाजूला लागणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण १३ मिलिमीटर जागा लागते. म्हणजे एकूण २६. साडेचारशे मिलिमीटरच्या चौकटीत लाकडी खण ४४८ चा बनतो, चॅनेलवरचा ४२४ चा. एकाचा दुसऱ्यात बदल करता येत नाही.

हे मी वहीत लिहून घेतलं आणि तरीही पुढे चूक झालीच. ती येईल ओघात.

लाकडाचा प्रश्न फेब्रुवारीत आला. गुहागर तालुक्यातल्या आमच्या मूळ घरात एक जुनी सागवानी लाकडी भिंत काढून ठेवली होती, तिच्या अकरा फळ्या माळ्यावर पडून होत्या. पन्नास-साठ वर्षं वाळलेला साग बाजारात शोधून मिळत नाही. काका म्हणाले, तेच आणा. पण साग म्हटलं की वाहतुकीचा परवाना आला. जुनं, वापरलेलं लाकूड असलं तरी वाटेत अडवलं तर कागद दाखवावा लागतो, म्हणून आधीच वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारलं.

५ फेब्रुवारीला अर्ज दिला. आमच्याकडून मागितलेले कागद असे: घरपट्टीची चालू पावती, लाकूड याच घराचं आहे असा ग्रामपंचायतीचा दाखला, आधारची प्रत, फळ्यांची यादी (प्रत्येकीची लांबी, रुंदी, जाडी) आणि ज्या गाडीतून नेणार तिचा क्रमांक. ग्रामपंचायतीचा दाखला दुसऱ्या खेपेला मिळाला, पहिल्या दिवशी ग्रामसेवक बैठकीला गेले होते. मग वनपाल येऊन फळ्या मोजून, फोटो काढून गेले. त्यांनी माझ्या यादीतली एक चूक पकडली, मी एका फळीची जाडी सव्वा इंचाऐवजी एक इंच लिहिली होती. यादी पुन्हा लिहिली. २७ फेब्रुवारीला परवाना हातात पडला. त्यावर गाडीचा क्रमांक, मार्ग आणि मुदत लिहिलेली होती. टेम्पोवाल्याला मी दोनदा फोन करून सांगितलं की दुसरी गाडी पाठवू नका. २९ ला फळ्या चिपळूणला आल्या. टेम्पोचे ३,८०० रुपये. बाकी खर्च झेरॉक्स आणि एसटीच्या तिकिटांचा.

तुमच्याकडे असं लाकूड असेल तर महिनाभर आधी कार्यालयात जा आणि तिथे काय लागतं ते विचारून घ्या. फळ्या मोजायला मेजरटेपसोबत एक माणूस हवाच, एकटीनं मोजताना चूक होते.

सोमवार, ४ मार्चला काम सुरू झालं. स्वयंपाकघराचा सांगाडा १९ मिलिमीटरच्या प्लायचा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. हा पाण्याला टिकणारा प्लाय, साध्या आयएस ३०३ पेक्षा महाग. पण पुरानंतर मला यात काटकसर करायची नव्हती. शिक्का प्रत्येक पाटावर बघून घेतला, बिलावरही ग्रेड लिहून घेतली.

काकांनी पहिले तीन ड्रॉवर त्यांच्या पद्धतीनं, चौकटीत नेमके बसणारे, बनवले. मी हो म्हटलं होतं. त्यांच्या शब्दाला मान द्यावा असं मला मनापासून वाटत होतं. ९ मार्चला आईनं त्यातला कुकरचा ड्रॉवर ओढला. दोन कुकर आणि तवे मिळून नऊ-दहा किलो वजन. लाकडावर लाकूड घासतं, त्यामुळे जितकं वजन, तितकी ओढ लागते. ड्रॉवर अर्धा आला आणि आईनं मनगट धरलं. काही बोलली नाही. बाहेर जाऊन बसली.

काकांनीच विषय काढला. "वहिनींना हे झेपायचं नाही. माझं ऐकू नका, चॅनेल घाला." पंचेचाळीस वर्षं एक काम करणाऱ्या माणसाला हे म्हणताना काय वाटलं असेल, ते मला अजून आठवतं. तीनही खोके उसवले, रुंदीत २४ मिलिमीटर कापले आणि पुन्हा जोडले. दोघांची पावणेदोन दिवसांची मजुरी, ३,६०० रुपये, वाया गेली. पुतण्यानं जानेवारीत सांगितलं होतं तेच.

मग मी आईला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते: जो माणूस ड्रॉवर उघडणार आहे, त्याला दुकानात न्या. तिथे नमुन्याचे ड्रॉवर असतात. आईनं सॉफ्ट क्लोज ओढून पाहिला आणि म्हणाली, "हा सुरुवातीला हट्ट करतो." मला आधी कळलंच नाही. मग स्वतः ओढून पाहिला. जी स्प्रिंग शेवटी ड्रॉवरला आत ओढते, तिलाच उघडताना आधी ताणावं लागतं. पहिले दोन इंच हलकासा झटका द्यावा लागतो. जड ड्रॉवरला तो जाणवत नाही. चमच्यांच्या हलक्या ड्रॉवरला दिवसातून चाळीस वेळा तो झटका द्यायचा म्हणजे दुखऱ्या मनगटाला त्रासच. साधं टेलिस्कोपिक चॅनेल, ज्यात स्प्रिंग नाही, ते पहिल्यापासून सुळकन येतं.

खालून लागणारी, दिसत नाहीत अशी चॅनेलंही पाहिली. ओढायला फारच मऊ. पण जोडीला २,४०० च्या आसपास, आणि त्यांच्या तक्त्याप्रमाणे ड्रॉवरची बाजू १६ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, आतली रुंदी चौकटीपेक्षा बरोबर ४२ मिलिमीटर कमी हवी, तळ वर उचललेला हवा, मागे खाच हवी. आमचे खोके त्यात बसत नव्हते. पुन्हा कापाकापी नको होती.

शेवटी असं ठरलं. कुकर, परात, डबे, पिठं अशा पाच जड ड्रॉवरना वीस इंची सॉफ्ट क्लोज, जोडीला ९५० रुपये. मसाले, चमचे आणि आईची औषधं अशा तीन ड्रॉवरना साधी टेलिस्कोपिक, जोडीला ३२०. एकूण ५,७१०, वर १८ टक्के जीएसटी, मिळून ६,७३८ रुपये. आणि सगळ्याला गोल मुठीऐवजी लांब आडवे हँडल, ज्यात चारही बोटं जातात. मनगट न वळवता कोपरातून ओढता येतं. यानं आईला चॅनेलपेक्षाही जास्त आराम पडलाय.

चॅनेल बसवणं हे पुतण्याचं काम. दोन्ही बाजू एका पातळीत आणि एकमेकींना समांतर हव्यात. पाच सॉफ्ट क्लोजपैकी एक ड्रॉवर बंद होताना एक इंच बाहेरच थांबायचा. मला वाटलं चॅनेलच खराब. पुतण्यानं टेप लावून दाखवलं, खोका मागच्या बाजूला दोन मिलिमीटर रुंद झाला होता आणि चॅनेल आवळली जात होती. मागची फळी तेवढी घासली, झालं. दुसरा एक उलट सैल होता, त्याला सनमायकाचे कपटे मागे सरकवून स्क्रू आवळले. चॅनेल बदलून मागण्याआधी पुढची आणि मागची रुंदी मोजून बघा.

तोवर २२ मार्च उजाडला आणि शिमगा आला. कोकणात शिमग्याला सुतार मिळत नाही, मिळूही नये. काकांच्या गावची पालखी घरोघर फिरते आणि काका खांद्याला असतात. १ एप्रिलपर्यंत काम बंद. स्वयंपाकघराला दारं नव्हती, प्लायचा भुसा सगळीकडे. तारखा ठरवताना हे दहा दिवस धरूनच चाला. मी धरले नव्हते आणि पाडव्याला पाहुण्यांना बोलावून बसले होते.

पाडव्यानंतर, १० एप्रिलपासून, कपाट घेतलं. खरं सांगायचं तर मला लिहायचंय ते याचबद्दल.

शोरूममधले गृहस्थ म्हणाले होते तसं त्यात चॅनेल घालायचं तर चारही खण दोन्ही बाजूंनी बारीक करावे लागले असते. म्हणजे डव्हटेलचे कोपरे कापून टाकायचे. पुरात जे सुटले नाहीत ते आपण करवतीनं सोडवायचे. ते मला शक्य नव्हतं. आणि त्याची गरजही नव्हती, कारण या खणांत कपडे आणि कागद जाणार, आठवड्यातून दोनदा उघडणार.

काकांनी खण बाहेर काढून उलटे मांडले. बाजूंच्या खालच्या कडा पुढून मागे घासून तिरक्या झाल्या होत्या. ज्या पट्ट्यांवर खण चालतात त्यांत बोटभर लांब चर पडले होते. म्हणून खण उघडताना नाक खाली टाकायचा आणि अडकायचा. काकांनी माळ्यावरच्या सागाच्या दहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढल्या, खणांच्या खालच्या कडा रंध्यानं सरळ करून त्यावर चिकटवल्या. आतल्या पट्ट्या नव्या घातल्या. वरच्या बाजूलाही पट्टी दिली, म्हणजे खण बाहेर ओढल्यावर मान खाली घालत नाही. सैल झालेले डव्हटेल पूर्ण उसवून, जुना सरस गरम पाण्यानं पुसून, फेविकॉलनं पुन्हा बसवले. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून कर्ण मोजले, दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत दाबपट्ट्या सैल-घट्ट करत राहिले. एका खणाला अख्खी दुपार.

मी विचारलं, बाजूला थोडी जास्त फट ठेवली तर पावसात अडकणार नाही ना? मला वाटायचं सैल खण कमी अडकतो. काकांनी मान हलवली. रुंद खण एका बाजूनं ओढला की तिरका होतो. बाजूला फट जितकी जास्त, तितका तो जास्त तिरका होऊन कोपऱ्यात रुततो. म्हणून बाजूला फट कमीत कमी आणि वर जास्त. लाकूड रेषांच्या लांबीत फुगत नाही, आडव्या अंगानं फुगतं. खणाच्या दर्शनी फळीत रेषा डावीकडून उजवीकडे असतात, म्हणून पावसाळ्यात ती रुंदीला तेवढीच राहते आणि उंचीला वाढते. बाजूच्या फळ्यांचंही तसंच. साग तर फार शहाणं लाकूड. ओल्या झाडापासून पूर्ण वाळेपर्यंत तो खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या अंगानं सहा टक्क्यांहून कमी आकसतो, गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्क्यांच्या आसपास. आठ इंच उंचीच्या फळीत ऋतूंच्या फरकानं दीड-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. तेवढी जागा वर सोडली की झालं.

काकांचं माप म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक. प्रत्येक खणाच्या वर ती सरकवून पाहिली. "एप्रिलात नाणी सैल गेली पाहिजेत. श्रावणात एक अडलं तरी चालेल."

मी अकराशे रुपयांचं लाकडातला ओलावा मोजायचं सुईवालं यंत्र घेतलं होतं. १२ एप्रिलला दर्शनी फळीत ११ टक्के आलं. तो आकडा खणाच्या आत पेन्सिलनं तारखेसह लिहून ठेवला.

तळासाठी फणसाच्या फळ्या तशाच ठेवल्या, उकललेल्या दोन बदलल्या. तळ खाचेत नुसता सरकवलाय, चिकटवलेला नाही, मागच्या कडेला एकच स्क्रू लांबट भोकातून, म्हणजे त्याला फुगायला मोकळीक. पुतण्यानं तिथे फेविकॉल लावायला घेतला तेव्हा काकांनी डबा बाजूला ठेवला. घासणाऱ्या कडांना पॉलिश नाही, तेल तर अजिबात नाही, कारण तेलावर धूळ बसून चिकटा होतो. साधी पांढरी मेणबत्ती घेऊन सगळ्या पट्ट्यांवर आणि कडांवर घासली. पहिल्यांदा खण आत सरकला तेव्हा झालेला आवाज अजून कानात आहे, पुस्तकाचं पान उलटल्यासारखा.

काकांचे नऊ दिवस, दिवसाला १,२०० रुपये, म्हणजे १०,८००. पुतण्याचे चार दिवस, ३,६००. फेविकॉल, स्क्रू, पॉलिश मिळून २,१५०. एकूण १६,५५०, म्हणजे खणामागे चार हजारांहून थोडे जास्त, तेही लाकूड घरचं धरून. स्वयंपाकघरात एका सॉफ्ट क्लोज ड्रॉवरला चॅनेल, प्लाय आणि मजुरी धरून याहून कमी पडले. स्वस्त म्हणून लाकडी खण करायला जाल तर फसाल. हातानं बसवलेला खण आज महागच आहे, आणि तो बसवणारे हात आमच्या भागात मोजके उरलेत.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. मी जवळजवळ रोज चारही खण उघडून बघत होते. २० जुलैला वरून दुसरा खण उजव्या कोपऱ्यात अडायला लागला. काकांना फोन केला. ते म्हणाले, ओढाताण नको, वरच्या कडेला खडू घासा, दोनदा उघडबंद करा आणि खडू कुठे पुसला गेला ते बघा. उजवीकडच्या तीन इंचांत खडू साफ गेला होता. "तेवढंच काढायचं. मी येतो. तुम्ही पॉलिश पेपर घेऊन बसू नका." ते २१ ऑगस्टला आले, कारण भातलावणी होती आणि नंतर त्यांना ताप होता. एक महिना तो खण आम्ही उघडला नाही. आल्यावर रंध्याचे दोन हात मारले, केसासारखे दोन छिलके निघाले, वर पुन्हा मेणबत्ती. दहा मिनिटांचं काम.

त्याच आठवड्यात एका सॉफ्ट क्लोजची संथ होण्याची शक्ती गेली, तो दाणकन आपटायला लागला. इथे काकांना फोन करून उपयोग नव्हता. बिल घेऊन दुकानात गेले, त्यांनी फोटो पाठवायला सांगितला, कंपनीकडून जोडी बदलून यायला एकोणीस दिवस लागले. बिल नसतं तर आलीच नसती. शिवाय आता कळलंय की सॉफ्ट क्लोज जोरानं ढकलायचा नसतो. शेवटचे दोन इंच त्याच्यावर सोडायचे.

पुरासाठी म्हणून एक तयारी केली आहे. बाजूच्या चॅनेलवर आतल्या भागात काळी प्लॅस्टिकची पट्टी असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबली की ड्रॉवर निघून हातात येतो. माझ्या मुलाला आणि शेजारच्या दोघांना हे करून दाखवलंय. स्वयंपाकघरातले आठही ड्रॉवर सामानासकट वरच्या मजल्यावर न्यायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली, जूनमध्ये घड्याळ लावून पाहिलं. कपाटाचे खण तर नुसते ओढले की बाहेर. सातबारा आणि पत्रं मात्र आता कायमची वर, पत्र्याच्या पेटीत.

१४ ऑगस्टला यंत्र पुन्हा लावलं होतं, तेव्हा १६ टक्के आलं. तोही आकडा पेन्सिलनं लिहिला, एप्रिलच्या आकड्याखाली. वरच्या फटीत एक नाणं जात होतं, दुसरं नाही.

लहानपणी या कपाटाचा आमचा एक खेळ होता. खालचा खण भरकन आत ढकलायचा, की आतली हवा कोंडून वरचा खण आपोआप दोन बोटं बाहेर यायचा. पुरानंतर ते गेलं. एप्रिलमध्ये काम झाल्यावर मी पहिल्यांदा तेच करून पाहिलं होतं आणि वरचा हलला नव्हता. काका म्हणाले होते की लाकूड आत्ता कोरडं आहे, वरच्या फटींतून हवा निसटते. २१ ऑगस्टला ते रंधा पिशवीत भरत असताना आईनं तिचं पातळ ठेवून खालचा खण नेहमीसारखा आत ढकलला. त्याच्या वरचा सावकाश बाहेर आला. आईनं तो परत आत सारला, मग खालचा पुन्हा ओढून पुन्हा ढकलला. काका दारात पिशवी घेऊन उभे होते, ते खाली बसले आणि म्हणाले, "वहिनी, आणखी एकदा."

टेबलाचे दोन खण राहिलेत. काका गणपतीनंतर येतो म्हणालेत. तोवर उरलेल्या चार फळ्या माळ्यावर, मधे मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवल्या आहेत.